येळणा केंद्राचं म्हणणं

“हार लॅपटॉपला घालू नका, सर,” मी म्हणालो. “आवाज आत जायची जागा झाकली जाईल.”

प्राचार्य दिघे झेंडूचा हार हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले. सकाळपासून मी त्यांना हे नको, ते नको असंच सांगत होतो. नोकरीत कायम न झालेल्या प्राध्यापकाच्या तोंडी इतके नकार शोभत नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“मग उद्घाटन कशाचं करायचं, गुरव?”

“उद्घाटनच नको. तीन वाजता तिकडची सभा सुरू होते. तीन वीसला आपलं केंद्र. दोन मिनिटं बोलायचं आणि संपलं.”

“एवढी माणसं बोलावलीत. भाऊसाहेब येतायत. दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, म्हणजे शोकसभा आहे का ही?”

हार शेवटी प्रोजेक्टरला घातला. मी गप्प बसलो. त्या दिवशी मी बऱ्याचदा गप्प बसलो, ही त्यातली सगळ्यात निरुपद्रवी वेळ.

त्याला आता अकरा वर्षं झाली. वाघेरी या तालुक्याच्या गावी, येळणा खोरे शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात मी कॉम्प्युटर शिकवत होतो. इंटरनेटवरच्या पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन असं जे शेपूट असतं, ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी एक जागतिक संस्था आहे. तिनं नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले होते आणि परदेशातल्या, पांघरुणं विकणाऱ्या एका कंपनीनं ‘डॉट येळणा’ मागितलं होतं. येळणा ही आमची नदी. तिच्या काठच्या अकरा गावांत घोंगडी विणतात. त्या कंपनीचा माणूस काही वर्षांपूर्वी खोऱ्यात येऊन गेला होता. चहा प्याला, बायकांबरोबर फोटो काढले, आठ घोंगड्या नमुना म्हणून घेऊन गेला. नंतर तिकडच्या गिरणीत निघालेल्या कांबळ्यांवर ‘येळणा’ असा शिक्का दिसायला लागला.

आमच्याकडे शालनताई मेटकरींचं घोंगडी मंडळ होतं. त्यांची वेबसाइट मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तयार करून दिली होती. पुण्या-बेंगळुरूहून मागण्या यायच्या, कधीमधी परदेशातूनही. मग कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं की वेबसाइटवरून येळणा हा शब्द काढा. शालनताईंनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांना वाटलं, मी काहीतरी चुकीचं छापलंय.

“आमच्या नदीचं नाव आमी काढायचं?” त्यांनी तीनदा विचारलं.

पत्राला उत्तर देता आलं असतं. पण शेपूटच कंपनीला मिळालं, तर नावाचा मालक कोण हे साऱ्या जगानं लिहून दिल्यासारखं होणार होतं. तो अर्ज अडवायला एकच वाट होती. नाव ज्या भागाचं, तिथल्या माणसांनी जागतिक संस्थेच्या जाहीर सभेत हरकत घेतली, तर अर्ज चौकशीसाठी थांबत होता. कुणी घेतली नाही, तर पुढे सरकत होता. विमानानं तिकडे जाणं ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी पडद्यावरून बोलायची सोय होती. मी अर्ज केला. वाघेरीला तसं बोलायचं एक केंद्र मंजूर झालं, आणि बोलणाऱ्याच्या रकान्यात मी नाव लिहिलं, शालन मेटकरी.

दोन मिनिटांत मराठी आणि त्याचं इंग्रजी दोन्ही बसवायचं होतं. म्हणजे ताईंना एकच मिनिट. मी सलग चार दिवस मळीच्या वस्तीवर, ताईंच्या घरी जात होतो. मागाच्या खोलीत चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास असायचा. ताई जमिनीवर बसून बोलायच्या आणि मी मोबाइलवर वेळ लावायचो. पहिल्या दिवशी त्या अकरा मिनिटं बोलल्या. सासऱ्यांपासून सुरुवात केली.

“ताई, सासरे काढा.”

“सासऱ्याशिवाय माग कुठला, सर?”

“त्यांना माग कुणाचा ते कळायची गरज नाही. नाव कुणाचं तेवढं कळू दे.”

दुसऱ्या दिवशी सासरे गेले. तिसऱ्या दिवशी दुष्काळ गेला. चौथ्या दिवशी पन्नास सेकंदांवर आल्या, आणि जे उरलं ते मला आजही तोंडपाठ आहे. “मी शालन मेटकरी. येळणा आमची नदी हाय. लोकर आमच्या मेंढ्यांची, सूत आमच्या हातचं, माग आमच्या घरात. ह्या नावावर अकरा गावांतल्या बाया जगत्यात. हे नाव एकट्या कंपनीला देऊ नका. द्यायच्या आधी आमाला इचारा. आमी न्हाई म्हणतोय, तेवढं लिहून घ्या.”

“‘लिहून घ्या’ ठेवू का काढू?” त्यांनी विचारलं.

“ठेवा,” मी म्हणालो. “तेच महत्त्वाचं आहे.”

सभेच्या दिवशी ताई मंडळाच्या पंचवीसेक बायकांना घेऊन दोन वाजताच आल्या. हिरवं इरकल नेसलेल्या, केस चापून बसवलेले. आल्यापासून ओठ हलत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या पाठ केलेलं घोळवत होत्या.

भाऊसाहेब रणदिवे पावणेतीनला आले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तसा असता तर मी सगळं खापर त्यांच्यावर फोडून मोकळा झालो असतो. खोऱ्यात कॉलेज त्यांनी आणलं. मुलींना बसचा पास त्यांनी मिळवून दिला. आठ वर्षं माझी नोकरी वर्षावर्षानं वाढवली जात होती, आणि मला कायम करायचा कागद त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर होता.

सत्कार झाले. दीप लावला. तीनला पडद्यावर तिकडचं मोठं सभागृह दिसलं तेव्हा आमच्याकडे प्रास्ताविक चालू होतं. मी आमचा आवाज बंद करून ठेवला होता, तेवढी अक्कल होती. तीन दहाला दिघे सर माझ्या कानाशी आले.

“गुरव, बोलणाऱ्याचं नाव बदलायचंय.”

“कसलं नाव?”

“अहो, भाऊसाहेब इथं बसलेत. जगाची सभा आहे. खोऱ्याच्या वतीनं ते नाही बोलले तर कसं दिसेल? ते दोन शब्द बोलतील, मग बाई आहेतच.”

“सर, सगळे मिळून दोनच मिनिटं आहेत. दोन मिनिटं झाली की ते आवाज तोडतात.”

“अध्यक्षांचा आवाज कोण तोडतं?”

हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या उभ्या आयुष्यात तसं कधी झालं नव्हतं.

मी भाऊसाहेबांकडे गेलो. ताईंच्या बोलण्याचं इंग्रजी केलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “भाऊसाहेब, एवढंच वाचलंत तरी काम होईल.”

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं.

“ह्याच्यात नुसती तक्रारच हाय की, गुरव.”

“हरकत आहे. ती नोंदली जायला हवी.”

“तसं न्हाई करायचं. पहिल्याच भेटीत? त्यांनी आपल्याला बोलावलं, जागा दिली. आधी मान द्यायचा, मग काम सांगायचं. कलेक्टरकडं गेलं तरी अशीच रीत असतीय. मागनं आपण निवेदन पाठवू, चांगलं सह्यांचं. मी स्वतः पाठपुरावा करतो.” त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. “आणि तुमचं बी काम झालंय बरं का. जूनला बघू.”

तिथं निवेदन नावाची चीज नाही, पाठपुरावा नाही, ओळखीनं फोन करायचा साहेब नाही, जे काय आहे ते ही दोन मिनिटं, हे मला त्यांना सांगता आलं असतं. मला ते माहीत होतं. त्या हॉलमध्ये एकट्या मलाच माहीत होतं. मी लॅपटॉपपाशी येऊन शालन मेटकरी हे नाव पुसलं आणि तिथं भाऊसाहेबांचं नाव टाइप केलं. माझ्या बोटांनी.

ताईंना सांगायला गेलो. “आधी भाऊसाहेब थोडं बोलतील.”

“आणि मग मी?”

“मग बघू.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “दोनच मिनिटं म्हणला व्हता की, सर.”

मी वळलो.

तीन वीसला पडद्यावरच्या बाईंनी आमच्या केंद्राचं नाव घेतलं. आमचा चौकोन मोठा झाला, कोपऱ्यात घड्याळ लागलं आणि उलटं चालायला लागलं. भाऊसाहेब उभे राहिले, जाकीट खाली ओढलं. त्यांनी तिकडच्या अध्यक्षांना इंग्रजीत वंदन केलं. आमच्या प्राचार्यांचा, प्राध्यापकांचा, खोऱ्यातल्या माताभगिनींचा उल्लेख केला. संस्थेची स्थापना कुठल्या साली झाली ते सांगितलं. त्यात एक मिनिट दहा सेकंद गेले. मग म्हणाले की आमच्या छोट्याशा येळणेचं नाव आज जगाच्या व्यासपीठावर जातंय, हा आमचा सन्मान आहे, आणि त्याबद्दल आम्ही सगळे आपले ऋणी आहोत. आकडे लाल झाले. “नाऊ, अबाउट अवर विव्हर्स,” एवढं ते म्हणाले आणि आवाज तुटला.

त्यांना ते कळलं नाही. ते आणखी मिनिटभर बोलले, चांगलं बोलले, विणकरांबद्दलच बोलले. ते फक्त आम्ही ऐकलं.

पडद्यावरच्या बाई हसून म्हणाल्या की येळणा खोऱ्याच्या या मनःपूर्वक पाठिंब्याबद्दल आभार. तिकडे टाळ्या वाजल्या. त्या ऐकून इकडेही वाजल्या. मंडळाच्या बायकांनीसुद्धा वाजवल्या. ताईंनी नाही.

त्या उठून माझ्याजवळ आल्या. “सर, माझं?”

“वेळ संपली, ताई.”

“ते काय म्हणले आपल्या नावाचं?”

“स्वागत केलं.”

“कुणाचं?”

 तेवढ्यात पडद्यावरच्या बाईंनी इंग्रजीत जाहीर केलं की कुठल्या केंद्राला आपल्या म्हणण्यात दुरुस्ती करायची असेल, तर पुढच्या दहा मिनिटांत खालच्या चौकटीत लिहून पाठवावी. ती नोंदीत धरली जाईल.

माझ्या जिवात जीव आला. “लिहिता येतंय, ताई,” मी म्हणालो. “थांबा, लिहितो.”

त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी भराभर लिहिलं. आमच्या केंद्राचं मघाचं बोलणं हा पाठिंबा समजू नये. खोऱ्यातल्या विणकरांची या अर्जाला हरकत आहे. दोन ओळी, चुकांसकट. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

“काय लिहिताय, गुरव?”

भाऊसाहेब आमच्या मागे येऊन उभे होते. गळ्यातला हार काढून हातात घेतलेला, चेहऱ्यावर भाषण रंगल्याचं समाधान. आवाजात राग नव्हता, साधी चौकशी होती. तिरकं होऊन ते पडद्यावरचं वाचायला लागले, आणि पहिल्या ओळीतले ‘मघाचं बोलणं’ हे शब्द त्यांनी वाचले असतील-नसतील, मला माहीत नाही. मी सगळं पुसलं होतं.

“आभार कळवतोय, भाऊसाहेब.”

“हां. ते करा. बरं दिसतंय.”

मी ‘थँक यू’ लिहिलं आणि पाठवलं.

ते चहाकडे गेले. ताईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझी बोटं चालताना त्यांनी पाहिली होती.

“लिहिलं का, सर?”

“लिहिलं.”

“आमी न्हाई म्हणतोय, असं?”

“हो.”

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग बायकांकडे जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि त्या सगळ्या माझ्याकडे पाहून हसल्या. एकीनं हात जोडले. मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. जुलैत जागतिक संस्थेचा निर्णय आला आणि शालनताई कॉलेजवर आल्या. एकट्याच. हातात कागदांचा गठ्ठा होता. जिल्ह्याच्या गावी त्यांची एक भाची वकिलाकडे कामाला होती, तिनं सभेची सगळी नोंद छापून दिली होती.

त्या बसल्या नाहीत. एका पानावर पेननं खूण केलेली होती, ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

“एवढं वाचून दाखवा.”

“भाचीनं सांगितलं असेलच, ताई.”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

मी वाचलं. येळणा केंद्र, तीन वाजून सत्तावीस मिनिटं, थँक यू.

“आणि त्याच्या खालचं?”

खाली निर्णय होता. संबंधित भागाला सहभागाची पुरेशी संधी देण्यात आली. त्या भागानं पाठिंबा दर्शवला. हरकत, एकही नाही. अर्ज मंजूर.

“ताई, भाऊसाहेब मागं उभे होते,” मी म्हणालो. “माझी नोकरी त्यांच्या हातात होती. माझ्या घरी...”

“ते मला तवाच दिसलं व्हतं, सर. त्याचं मी काय बोलत न्हाई. नोकरीला माणूस भितंयच. मी बी सोसायटीच्या चेअरमनला भितेय.” त्या थांबल्या. आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “मला एक सांगा. दुरुस्तीला दहा मिनिटं दिली व्हती, असं छापलंय ह्यात. खरं हाय का?”

“हो.”

“तुमी लिवलं त्याच्या पुढं बी सहा मिनिटं व्हती.”

“हो.”

“आमच्यातल्या दोघी बारावी झालेल्या हायत. सुरेखाला इंग्रजी येतंय, दवाखान्यात काम करती ती. तुमी मला म्हणाला असता, शालनताई, मला जमत न्हाई, तर मी तिला बसवलं असतं त्या मशिनीपुढं. मला कुणाची नोकरी आडवी येत नव्हती. चार शब्द तर लिहायचे व्हते.” त्यांनी पान उचललं आणि बाकीच्या कागदांत घातलं. “तुमी लिहिलं न्हाई, त्याचं काय न्हाई मला. तुमी ‘लिहिलं’ म्हणला.”

त्या गेल्या.  तेव्हा काय बोलायला हवं होतं ते अकरा वर्षांत मला सुचलेलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाच्या वेबसाइटवरून ते नाव निघालं. मीच काढलं, दुसरं कुणाला पासवर्ड माहीत नव्हता. नवं नाव काय द्यायचं यावर बायकांचं एकमत झालं नाही, आणि वर्षभरात साइट बंद पडली. ताई आता आठवडे बाजारात बसतात असं ऐकतो.

मला मात्र जागतिक संस्थेचं पत्र आलं. पहिल्याच प्रयत्नात एवढं यशस्वी केंद्र चालवलं, म्हणून त्यांना माझ्याकडून एक टिपण हवं होतं, की लहान भागातल्या माणसांनी या कारभारात सहभाग कसा घ्यावा. मी लिहून दिलं. चौदा पानं. लोकांना त्यात दम वाटला, त्यावर मला पुढं तीनदा परदेशी बोलावलं. टिपणासोबत छायाचित्र हवं होतं. त्या चार दिवसांत मी मळीच्या वस्तीवर काढलेलं एक माझ्याकडे होतं, बायका ओळीनं बसून सूत काततायत असं. छापायला त्या बायकांची परवानगी हवी, अशी संस्थेची सक्त अट होती. मी ताईंना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“फोटोखाली काय लिहिणार?”

“येळणा खोऱ्यातल्या विणकर महिला.”



“मग आमाला कशाला इचारताय, सर? कंपनीला इचारा.”

फोन ठेवला. परवानगी दिली की नाकारली हे मी माझ्या सोयीनं ठरवलं आणि फोटो पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी तिकडच्या संपादकांचं उत्तर आलं, अतिशय नम्र. फोटो सुंदर आहे, फक्त त्याखालचं नाव आता एका कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे ते छापायचं तर तिची लेखी परवानगी आणावी लागेल, त्यापेक्षा दुसरं काही सुचवता का?

मी त्याच दिवशी सुचवलं. तेच छापून आलं. आशिया विभागातील विणकर महिला.